तळं कोणत्या सालचं?

डोंगरातल्या तळ्यावर गळ टाकायला जायचं ठरलं की हौशी माणूस आधी दुकान गाठतो. रॉड, रीळ, शिशाची वजनं, चकचकीत चमचे, रबरी बेडूक अशी खरेदी झाली की मग नकाशा उघडतो. मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. मला आधी तळ्याचं जन्मसाल लागतं. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात धरणांचे छेद काढण्यात गेली, त्याचाही हा परिणाम असेल. पण बांध कधी घातला, कोणत्या नदीवर घातला, पाणी घाटाच्या कोणत्या अंगाला उतरवलं, एवढं कळलं की पाण्याखालची निम्मी माहिती हातात येते. नदीचं जुनं पात्र कुठून जात असेल, भातखाचरांचे बांध कुठे बुडाले असतील, मासा कशाच्या आडोशाला उभा राहील, हे सगळं त्या सालाला धरून काढता येतं.

यंदा डिसेंबरात मुळशीला जायचं घाटतंय. भाचा बरोबर येणार आहे. त्याचा हट्ट काश्मीरचा होता. "मामा, विशनसर, कृष्णसर, गंगाबल! साडेतीन हजार मीटरवर निळंशार पाणी आणि त्यात ट्राउट. तुमच्या धरणात काय आहे?"

मी त्याला म्हटलं, ती तळी हिमनद्यांनी कोरलेली, हजारो वर्षांची, हे खरं. पण त्यातला ट्राउट हा पाहुणा आहे. 1899 साली ड्यूक ऑफ बेडफर्डने विलायतेहून ट्राउटची अंडी धाडली, ती जगली नाहीत. 1900 साली दुसरी खेप आली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या साहेबाने त्यातली पिल्लं जिवापाड सांभाळली आणि महाराजा प्रतापसिंगांच्या राज्यात तो मासा ओढ्याओढ्यांत सोडला गेला. निलगिरीतही असंच झालं. फ्रान्सिस डे याने 1860 नंतरच्या दशकात तिथे ट्राउट आणायची खटपट केली ती फसली. पुढे 1907 च्या सुमारास एच. सी. विल्सनने अव्हलांच इथे पैदास केंद्र उभं केलं, तेव्हा कुठे जम बसला. म्हणजे तिकडे तळं तिथलं आणि मासा परका. आपल्या सह्याद्रीत मासा घरचा आणि तळं परकं. भाच्याला हे पटलं, निदान त्याने तसं दाखवलं. काश्मीर त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

सह्याद्रीला स्वतःची तळी नाहीत म्हटलं तरी चालेल. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण काळ्या पाषाणाचे उतार इतके उभे की ते पाणी चार महिन्यांत वाहून जातं. बर्फाने खड्डे कोरायला इथे बर्फ कधी साचलाच नाही. पाणी थांबलं ते माणसाने बांध घातला तेव्हा. लोणावळ्याचा भुशी बांध आज भज्यांसाठी आणि पावसाळ्यातल्या चेंगराचेंगरीसाठी ओळखला जातो. तो बांधला रेल्वेने, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. खडकवासला 1870 नंतरच्या दशकातलं, पुणं, लष्कर आणि कालव्याखालच्या शेतीसाठी. साहेबाने त्याला लेक फाइफ म्हटलं, भंडारदऱ्याला लेक आर्थर हिल म्हटलं. भंडारदऱ्याचं धरण 1926 चं. कोयनेचा शिवसागर त्यामानाने कालचा, 1960 नंतरचा. मुंबईकर गळवाल्यांचं तीर्थक्षेत्र म्हणजे पवई. ते तळं 1891 चं. मुंबईची तहान भागवायला बांधलं आणि पाणी पिण्यालायक निघालं नाही. मुंबईचं ते नुकसान झालं, पण गळवाल्यांचं फावलं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद आजही त्या काठावर बसतात. पण पवईचा मासा सोडलेला, पोसलेला. डोंगरातला मासा हवा तर घाटमाथ्यावर जायला हवं आणि तिथे गेलं की गाठ टाटांच्या तळ्यांशी पडते.

त्या तळ्यांची हकीगत साधी आहे आणि थोडी विचित्रही. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. घाटमाथ्याचं पाणी पश्चिमेला खाली सोडून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती. ते 1904 साली वारले. मुलांनी काम पुढे नेलं. 1910 मध्ये कंपनी निघाली, 8 फेब्रुवारी 1911 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली आणि लोणावळा, वळवण, शिरोता असे बांध उभे राहिले. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं. मग आंध्रेच्या खोऱ्यात ठोकरवाडीचं धरण आणि 1922 साली भिवपुरीचं वीजघर. शेवटी मुळेवर मुळशी आणि 1927 साली भिरा. विचित्र भाग असा की या नद्या पूर्ववाहिनी. वळवणचा बांध इंद्रायणीच्या उगमाकडे आहे. ती इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते. टाटांनी ते पाणी वरच अडवलं, बोगद्यांतून आणि नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली टाकलं आणि अरबी समुद्राकडे वळवलं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणारी पोरं ज्या लाटांवर किंचाळतात, त्यातलं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून आलेलं, म्हणजे एके काळचं मुळेचं. माझ्यासारख्या नकाशेवाल्याला याची अजूनही गंमत वाटते.

मुळशीची मात्र गंमत वाटत नाही. मुळा आणि निळा यांच्या खोऱ्यात पन्नासएक गावांवर पाणी येणार होतं. आंबेमोहराची खाचरं होती ती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्यात मिळालं. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. तीन वर्षं लढा चालला, फुटला आणि संपला. फुटला तो का, हे राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात मांडलं आहे. जमिनीचे कागद पुष्कळ ठिकाणी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होते. त्यांना भरपाई पुरेशी वाटली की विरोधाची धार गेली. ज्यांच्या पायाला चिखल होता, त्या कुळांना पैसा हवा नव्हता, जमीन हवी होती. ती गेली.

माझ्या आईच्या आजोळचं गाव त्याच पाण्यात आहे. ते घराणं उठून पौडच्या बाजूला आलं. आई त्या गावाबद्दल कधी हळहळल्याचं मला आठवत नाही. तिने ते पाहिलंच नव्हतं. पण आमचे मामा मुळशीच्या तळ्याला तळं म्हणत नसत. "वरचं पाणी" म्हणत. आणि वरच्या पाण्यावर ते कधी गळ टाकायला गेले नाहीत. खाली, पौडजवळ मुळेच्या डोहावर जात.

आता माशाकडे येतो. या सगळ्या तळ्यांवर जायचं ते महाशीरासाठी. वाम आहे, शिंगटा आहे, मरळ आहे. सोडलेले रोहू-कटलाही आहेत. पण गळवाल्याच्या स्वप्नात येतो तो महाशीर. जाड ओठ, मोठे खवले, गळ लागला की खडकाच्या दिशेने सुसाट पळणारा. तोंडात दात नाहीत, घशात आहेत. खेकड्याची पाठ तो त्या घशातल्या दातांनी चिरडतो. उंबरं खातो, जांभळं खातो, लहान मासे खातो. काठावर उंबर असेल तर माझी बैठक तिथेच.

या माशाशी आपला संबंध किती जुना, ते सांगायला मला साहेबापाशी जावं लागत नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीतल्या फार जुन्या पद्यपंक्तींपैकी काही याच ग्रंथात सापडतात, म्हणून आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. गळवाल्यांना तो ठाऊक असायला हवा, तो त्यातल्या 'मत्स्यविनोद' या प्रकरणासाठी. राजाने करमणूक म्हणून मासे कसे धरावेत याचा तो पाठच आहे. कोणते मासे नदीत, कोणते समुद्रात, कोणाला काय चारावं, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 साली त्यावर लेख लिहिला, तेव्हा आपल्याकडच्या शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. पिठाचे आणि भाताचे गोळे हे आमिष त्यात आहे आणि माझ्या पिशवीतही आहे. नऊशे वर्षांत रीळ बदललं, आमिष नाही.

महाशीराची शास्त्रीय नोंद मात्र साहेबाच्या नावावर आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. 1824 नंतर त्याच्याकडे दख्खनची मोजदाद आली. जमीन, पिकं, माणसं मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचं त्याचं लिखाण 1839 आणि 1841 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रकाशनांतून छापून आलं. आपला घाटातला महाशीर शास्त्रात 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो, तो साइक्सने वर्णन केला पुण्याच्या मुळा-मुठेतला. खुद्री, नुक्ता, फुलुंगी, मुल्या, शिंगटी अशी माशांची नावं त्याने लॅटिन वेषात जगाला दिली, ती त्याला इथल्या नदीकाठच्या कोळी-भोयांनीच सांगितली असणार. ज्या नदीवर त्या माशाचं बारसं झालं, तिच्या पुणे शहरातल्या पात्रात आज तो नाही. संगम पुलावर उभं राहून खाली पाहिलं की कारण विचारावं लागत नाही. तीच नदी पन्नासेक किलोमीटर वर अडवलेली आहे आणि तिथे तो टिकून आहे. आईच्या आजोळाला बुडवणाऱ्या पाण्याने त्याला आसरा दिला, हे मला कबूल करावंच लागतं. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

साहेब लोकांना महाशीर लवकर आवडला. मायदेशी सामन होता, इथे त्याची भूक भागवणारा मासा हवा होता. दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने 1873 साली 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि पुढच्या दोन पिढ्या ते पुस्तक खुर्चीखाली ठेवून जगल्या. त्याच साली फ्रान्सिस डे याचा भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा सरकारी अहवाल आला. दोघांचंही म्हणणं होतं की मासे कमी होताहेत, बारीक आसाची जाळी आणि विष यांना आळा हवा. कायदा व्हायला 1897 साल उजाडलं. त्या कायद्याने पाण्यात स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला बंदी केली. ही बंदी योग्यच होती. तरी एक गोष्ट मला खटकते. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात कातकरी रामेठा किंवा गेळ कुटून टाकतात, गुंगलेले मासे हाताने वेचतात. डोह लहान, मासे घरापुरते. रस्त्याच्या आणि बोगद्याच्या कामावरून पळवलेली जिलेटीनची कांडी डोहात टाकली की बोटभर पिल्लांपासून आजोबापर्यंत सगळं वर येतं, त्यातलं निम्मं खाली बसतं आणि कुजतं. कायद्याने दोन्ही एका ओळीत बसवली. माझ्या मते ती एका ओळीतली नाहीत.

आणि स्फोटकांपेक्षाही मोठं काम धरणाच्या भिंतीने केलं. मृगाचा पहिला पाऊस पडला, ओढे गढूळ होऊन भरून आले की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. देशावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, खाली कोकणात त्याच दिवसांना वलगण म्हणतात. लहानपणी त्या रात्री आम्ही कंदील आणि टोपल्या घेऊन मामांबरोबर ओढ्यावर जायचो. खाचरातून खाचरात उड्या मारणारे मासे हाताला लागत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. पोटं अंड्यांनी भरलेली असत, तेव्हा तर अधिकच आनंद. आज मी हे कोणाला करू देणार नाही. चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो. महाशीराला तर वाहतं, स्वच्छ, खडीचं पाणी हवं. त्याची अंडी रोहूच्या मानाने मोठी आणि संख्येने कमी. ती दगडगोट्यांत तळाशी बसतात. खालून येणाऱ्या माशाला तीस-चाळीस मीटरची भिंत आडवी आली, की त्या नदीतलं चढणं संपलं. तळ्यात अडकलेल्यांना एकच वाट उरते. तळ्याला मिळणाऱ्या छोट्या ओढ्यांत पावसाळ्याचे थोडे आठवडे शिरायचं आणि पाणी ओसरायच्या आत परतायचं. मुळशीत ताम्हिणीच्या बाजूचे ओढे त्यासाठीच महत्त्वाचे. जुलै ते सप्टेंबर तिथे गळ घेऊन जाणारा माणूस माझ्या लेखी गळवाला नव्हे.

या अडकलेल्या माशाची पहिली काळजी घेतली ती सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाने. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात त्यांची हयात गेली होती. 1970 च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीसाठी त्यांनी लोणावळ्याला महाशीराच्या पैदाशीचं काम हाती घेतलं. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी येणारे पिकलेले नर-मादी धरायचे, मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी भांड्यात उतरवायची, नराचं रेत त्यावर मिसळायचं आणि दोघांना परत पाण्यात सोडायचं. अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवली की तीन-चार दिवसांत फुटतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1970 च्या सुमारास त्यांचा हा अभ्यास आला. पुढे एस. एन. ओगले यांनी त्यांच्याबरोबर आणि नंतरही हे काम चालवलं. या दोघांचा सगळ्यात चलाख शोध मला वाटतो तो कापसाचा. महाशीराची अंडी ओल्या कापसात गुंडाळून, पाण्याचा थेंबही न हिंदकळवता, विमानाने दूर धाडता येतात हे त्यांनी 1979 साली छापून दाखवलं. ड्यूकची अंडी बोटीने येताना मेली होती. आपली अंडी कापसात बसून उडाली.

वळवणला तयार झालेली पिल्लं लोणावळ्याच्या तळ्यांत सोडली गेली, तशीच इतर राज्यांतही गेली. त्यातली काही गेली कावेरीत. इथपर्यंत ही गोष्ट मी पूर्वी मोठ्या अभिमानाने सांगायचो.

कावेरीत स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत 120 पौंडांचा धरला, तो विक्रम आजवर सांगितला जातो. त्या माशासाठी जगभरचे गळवाले कावेरीवर तळ ठोकत. 1970 नंतर मासे घटताहेत म्हणून बंगळुरूच्या हौशी मंडळींनी आणि सरकारने तिथे पिल्लं सोडायला सुरुवात केली आणि पिल्लं आणली लोणावळ्याहून, म्हणजे आपल्या खुद्रीची. हेतू अगदी चांगला. पण तिथल्या एका छावणीवर गळवाल्यांनी 1998 ते 2012 या काळात धरलेल्या-सोडलेल्या माशांच्या वह्या ठेवल्या होत्या. त्या वह्या अभ्यासून एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवलं की आपला खुद्री तिथे वाढतच गेला आणि उंचवट्याचा महाशीर दिसेनासा होत गेला. त्यातही लहान पिल्लं मिळतच नव्हती, अधूनमधून एखादा म्हातारा मासा लागे. 2018 साली त्या माशाची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच सुमारास आपला खुद्री संकटग्रस्तांच्या यादीतून उतरून चिंता नको अशा वर्गात गेला. वाळूउपसा, धरणं, जिलेटीन ही कारणं कावेरीतही आहेत, सगळा दोष पिल्लांचा नाही. पण जगातला सगळ्यात मोठा महाशीर नाव मिळायच्या आतच संपत आला होता आणि त्याच्या जागी आपला मासा पोहत होता, हे लोणावळ्याच्या कोणत्याही अभिमानाच्या गोष्टीत आता सांगायला हवं. म्हणून काश्मीर-निलगिरीच्या ट्राउटबद्दल नाक मुरडताना मी हल्ली जरा जपून मुरडतो.

मासा जपायची एक पद्धत हॅचरीच्या आणि कायद्याच्या आधीपासून इथे चालत आली आहे आणि तिला खर्च शून्य. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. त्या डोहातले महाशीर देवीचे, त्यांना कोणी हात लावत नाही. लोक चुरमुरे-फुटाणे टाकतात आणि हातभर मासे पायाशी येऊन तोंड वासतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाखालीही असेच डोहातले मासे राखलेले. ज्यांना वाटतं की गावकरी अडाणी आणि संरक्षण शहरातून येतं, त्यांनी वाळणकोंडला एकदा तासभर बसावं. गळ मात्र गाडीतच ठेवावा, नाहीतर गाडीसकट परत येता येईल याची हमी नाही.

मुळशीच्या आमच्या बेताचं आता सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी जमवलं ते कळेल. डिसेंबर निवडला, कारण पाऊस संपून पाणी निवळलेलं असतं, मासे ओढ्यांतून तळ्यात परतलेले असतात आणि वीजनिर्मितीमुळे पातळी हळूहळू उतरायला लागलेली असते. जसजसं पाणी उतरतं, तसतशी खाचरांच्या बांधांची आणि घरांच्या जोत्यांची रेघ काठाजवळ येते. जुन्या नदीचं पात्र जिथे काठाकडे वळतं, तिथे उथळाला लागून एकदम खोल पाणी मिळतं. 1920 च्या आधीचा मोजणी नकाशा आणि आजचा काठ एकमेकांवर ठेवून मी अशा जागा खुणा करून ठेवल्या आहेत. भाचा फोनवर उपग्रहाचं चित्र दाखवतो. त्यात फक्त पाणी दिसतं. परवानगीचं काम मात्र आधी करायचं. तळी खासगी कंपनीच्या ताब्यात आहेत. भिंतीजवळचा भाग बंद असतो. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. ज्याचा ठेका त्याच्याशी बोलल्याशिवाय काठावर बसू नये. त्या भोई-कातकऱ्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपली फक्त हौस आहे.

आमिषाला कणीक, थोडं हरभऱ्याचं पीठ, मळताना चार थेंब तेल. दोरी जाडच घ्या, बारीक दोरी तोडून पळालेला मासा तोंडात गळ घेऊन जगतो किंवा मरतो, ते आपल्याला कळत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात घरीच पक्कडीने दाबून सपाट करून घ्या. मासे थोडे जास्त सुटतील, पण धरलेला सोडताना तोंड फाटणार नाही. महाशीर लागला तर पाण्यातच ओल्या हाताने धरा, फोटो काढायचा तर एकच काढा आणि सोडा. रोहू-कटला खुशाल घरी न्या. आणि एखाद्या गावच्या पुढाऱ्याने किंवा उत्साही मित्राने "यातली चार पिल्लं आमच्या नदीत सोडू या" म्हणून पिशवी पुढे केली, तर ती पिशवी भरू नका.